वाचकांचे प्रश्न : सेवेतून गेलेला ‘जोव्हे-ए’ आणि त्याचे घड्याळ

मागील अंकात ‘थोडक्यात’ या सदरात आम्ही चार ओळींची एक नोंद दिली होती. युरोपच्या गॅलिलिओ या दिशादर्शन प्रणालीसाठी अवकाशात गेलेला पहिला उपग्रह ‘जोव्हे-ए’ हा सव्वादोन वर्षे चालेल अशा बेताने बांधला होता, प्रत्यक्षात मात्र तो कायमचा बंद करण्यात आला तेव्हा त्याचे सोळावे वर्ष सरत आले होते, एवढीच ती नोंद होती. तिच्यावर इतकी पत्रे येतील असे वाटले नव्हते. त्यांपैकी सात पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. दोन-तीन पत्रांतील प्रश्न एकच असल्यामुळे ते एकत्र केले आहेत.

प्रश्न : सव्वादोन वर्षांचा अंदाज आणि सोळा वर्षांचे आयुष्य यांत एवढी तफावत कशी? शास्त्रज्ञांचा हिशेब इतका चुकतो का? आणि मुळात इतक्या अल्पायुषी उपग्रहावर खर्च कशासाठी केला?
— एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : हिशेब चुकला नाही. 27 महिने हा त्या उपग्रहाच्या आयुष्याचा अंदाज नव्हता, ती हमी होती. तेवढा काळ तो चालेलच, अशा बेताने त्याचे सुटे भाग निवडले होते व महत्त्वाच्या भागांच्या जोड्या बसवल्या होत्या. हमीची मुदत संपली म्हणून पंखा छतावरून उतरवून ठेवण्याची पद्धत आपल्याकडेही नाही.

खर्च कशासाठी, हा आपला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, कारण त्याचे उत्तर अवकाशात नसून जिनिव्हात आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ ही संस्था तेथे आहे, आणि उपग्रहांनी कोणत्या रेडिओ कंप्रता (फ्रिक्वेन्सी) वापरायच्या याची नोंद तिच्याकडे होते. केवळ अर्ज करून कंप्रता राखून ठेवता येत नाहीत. ठरलेल्या मुदतीत त्या कंप्रतांवर अवकाशातून प्रत्यक्ष संदेश पाठवून दाखवावा लागतो, नाही तर हक्क जातो. सातबाऱ्यावर नाव चढले तरी वहिवाट दाखवल्याशिवाय भागत नाही, तशातला हा प्रकार. गॅलिलिओसाठी ही मुदत जून 2006 मध्ये संपत होती आणि 2003 च्या मध्यापर्यंत युरोपजवळ त्यासाठी एकही उपग्रह नव्हता.

म्हणून जुलै 2003 मध्ये युरोपीय अवकाश संस्थेने दोन चाचणी उपग्रहांची कामे दोन वेगवेगळ्या ठिकाणी एकाच वेळी दिली, म्हणजे एकाला उशीर झाला वा तो वाया गेला तरी दुसरा हाताशी असावा. पहिल्याचे काम इंग्लंडमधील गिल्डफर्ड येथील सरे सॅटेलाइट टेक्नॉलॉजी या कंपनीला मिळाले. सरे विद्यापीठातून 1985 साली निघालेली ही कंपनी लहान आणि स्वस्त उपग्रहांसाठी ओळखली जात होती. कंत्राट 2 कोटी 80 लाख युरोंचे होते. अडीच वर्षांच्या आत उपग्रह तयार झाला आणि 28 डिसेंबर 2005 रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी पावणेअकराच्या सुमारास, कझाकस्तानातील बैकानूर येथून सोयूझ अग्निबाणाने तो उडाला. 12 जानेवारी 2006 रोजी त्याने पहिला संदेश पाठवला. इंग्लंडमधील चिलबोल्टन येथील 25 मीटर व्यासाच्या तबकडीने आणि बेल्जियममधील रेडू येथील स्थानकाने तो पकडला. मार्चपर्यंत कंप्रतांचा हक्क पक्का झाला, म्हणजे ज्या मुख्य कामासाठी त्याला घाईघाईने पाठवले होते ते उड्डाणानंतर अवघ्या अडीच महिन्यांत उरकले. पुढची सगळी वर्षे ही एका अर्थाने वरकमाईच होती.

नावाबद्दलही एका पत्रात विचारणा आहे. ‘गॅलिलिओ इन-ऑर्बिट व्हॅलिडेशन एलिमेंट’ या लांबलचक नावाची आद्याक्षरे जुळवली की इटालियन भाषेत गुरू ग्रहाला असलेला ‘जोव्हे’ हा शब्द तयार होतो. हा योग जुळवून आणलेला असला तरी तो पोकळ नाही. गॅलिलिओने 1610 च्या जानेवारीत गुरूचे चंद्र पाहिले, आणि ते गुरूच्या सावलीत ठरल्या वेळी शिरतात व बाहेर येतात म्हणून त्यांचा आकाशातील घड्याळासारखा उपयोग करून पृथ्वीवरील ठिकाणाचे रेखांश काढता येतील, ही कल्पना मांडली. आकाशातील घड्याळाकडे पाहून जमिनीवरची जागा ठरवायची, ही दिशादर्शक उपग्रहामागील कल्पनाही तीच आहे.

प्रश्न : या उपग्रहाची तांत्रिक वैशिष्ट्ये विस्ताराने द्यावीत.
— अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : उड्डाणाच्या वेळी त्याचे वजन सुमारे 600 किलो होते. मुख्य पेटी 1.3 मीटर, 1.8 मीटर आणि 1.65 मीटर अशा मापांची, म्हणजे घरातील लोखंडी कपाटापेक्षा उंचीला कमी आणि रुंदी-खोलीला अधिक. तिच्या दोन बाजूंना प्रत्येकी साडेचार मीटर लांबीचे सौर पंखे होते, आणि त्यांच्यापासून सुमारे 700 वॅट वीज मिळे. स्वयंपाकघरातील एक मिक्सर चालावा एवढ्या विजेवर त्याची घड्याळे, संगणक, प्रक्षेपक आणि उष्णता राखणारी साधने चालत असत.

इंधनाची गोष्ट थोडी वेगळी आहे. बहुतेक मोठे उपग्रह हायड्राझिन या विषारी द्रव्यावर चालतात. जोव्हे-ए मध्ये मात्र ब्यूटेन होते, आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधील वायूचा एक घटक. दोन टाक्यांत प्रत्येकी 25 किलो ब्यूटेन भरलेले होते. ते तेथे जाळत नसत. वायूचा झोत बाहेर सोडून उपग्रहाला हलका रेटा देत. अशा रेट्याचे बळ थोडे असते, पण अग्निबाणाच्या वरच्या टप्प्याने उपग्रहाला थेट कक्षेतच नेऊन सोडले असल्यामुळे त्याला मोठी मजल स्वतःच्या जोरावर मारायची नव्हती.

कक्षा सुमारे 23,200 किलोमीटर उंचीची, जवळजवळ वर्तुळाकार आणि विषुववृत्ताशी 56 अंशांचा कोन करणारी होती. तेथे उपग्रहाचा वेग सेकंदाला 3.7 किलोमीटरच्या आसपास असतो आणि एका प्रदक्षिणेला 14 तास व काही मिनिटे लागतात. तेथून पृथ्वीचे बिंब सुमारे 25 अंशांचे दिसते, त्यामुळे पृथ्वीकडे तोंड केलेला अँटेना तेवढ्याच शंकूत संदेश पसरवील अशा रीतीने घडवावा लागतो. पंचवीस अंशांची ही गोष्ट लक्षात ठेवावी, ती पुढे एका उत्तरात पुन्हा लागणार आहे.

संदेश तीन पट्ट्यांत देण्याची सोय होती. 1575.42 मेगाहर्ट्झ ही त्यांतील पहिली, आणि अमेरिकेच्या जीपीएसची मुख्य कंप्रताही तीच. हे मुद्दाम केलेले आहे, कारण एकाच अँटेनाने दोन्ही प्रणालींचे संदेश घेता आले तर ग्राहकयंत्र स्वस्त पडते. दुसरी पट्टी 1191.795 मेगाहर्ट्झभोवतीची आणि तिसरी 1278.75 मेगाहर्ट्झभोवतीची. तिन्ही पट्ट्यांवर एकाच वेळी बोलण्याची क्षमता जोव्हे-ए मध्ये नव्हती. पहिलीसोबत उरलेल्या दोहोंपैकी एक अशी जोडी निवडावी लागे.

याशिवाय किरणोत्साराची मोजणी करणारी दोन उपकरणे त्यावर होती. ही उंची पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सारी पट्ट्याच्या आत येते आणि वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा इलेक्ट्रॉनिक भागांना जीर्ण करतो. पुढे पाठवायच्या उपग्रहांना किती जाड चिलखत लागेल हे ठरवण्यासाठी त्या नोंदी हव्या होत्या.

प्रश्न : मी चाळीस वर्षे घड्याळे दुरुस्त करतो. आण्विक घड्याळ म्हणजे नेमके काय असते, त्यात काय फिरते, आणि ते मागे-पुढे झाले हे इतक्या दुरून कसे ओळखतात, हे समजेल असे सांगावे.
— एक घड्याळजी, डोंबिवली

उत्तर : आपले पत्र वाचून आनंद झाला, कारण आलेल्या सर्व प्रश्नांत विषयाच्या गाभ्याला हात घालणारा प्रश्न हाच आहे. दिशादर्शक उपग्रह म्हणजे मुळात प्रक्षेपक जोडलेले घड्याळ. बाकी सारा सांगाडा त्या घड्याळाची बडदास्त ठेवण्यासाठी असतो.

आपण दुरुस्त करता त्या क्वार्ट्झ घड्याळात स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो आणि त्या कंपनांची मोजणी करून काटा पुढे सरकतो. उष्णतेने, वयाने, धक्क्याने तो स्फटिक किंचित मंद वा जलद होतो, हे आपल्याला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. आण्विक घड्याळातही क्वार्ट्झचा स्फटिकच असतो, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. फरक एवढाच, की त्या स्फटिकावर सतत देखरेख करणारा एक मुकादम तेथे बसवलेला असतो. हा मुकादम म्हणजे काचेच्या लहानशा कुपीतील रुबिडियम धातूची वाफ.

रुबिडियमच्या अणूला एका ठरावीक कंप्रतेचीच सूक्ष्मलहर मानवते. ती सेकंदाला सुमारे 6.83 अब्ज कंपनांची असते. कुपीतून एका बाजूने रुबिडियमच्याच दिव्याचा प्रकाश सोडतात आणि दुसऱ्या बाजूला तो किती आला हे मोजतात. स्फटिकाच्या कंपनांवरून तयार केलेली सूक्ष्मलहर कुपीवर पडते. ती अणूला हव्या त्याच कंप्रतेची असेल तर अणू आपली अवस्था बदलतात, अधिक प्रकाश शोषतात आणि पलीकडे येणारा प्रकाश किंचित मंदावतो. लहर जराशी चुकली की प्रकाश पुन्हा वाढतो. प्रकाश वाढला की स्फटिकाला चिमटा बसतो, तो पुन्हा जागेवर येतो, आणि हे अखंड चालू राहते. काटा नाही, चक्र नाही, फिरणारे काहीच नाही. रुबिडियमचा प्रत्येक अणू दुसऱ्यासारखाच असतो आणि तो झिजत नाही, हे या युक्तीचे बळ. झिजतात ते दिवा, कुपी आणि त्यांच्याभोवतीचे विद्युत मंडल.

जोव्हे-ए वर अशी दोन घड्याळे होती, स्वित्झर्लंडमधील नशातेल या गावी बनवलेली. एक चालू ठेवीत आणि दुसरे राखीव. नशातेल हे नाव आपल्या व्यवसायात अपरिचित नसावे, कारण मनगटी घड्याळांचाही तो जुना मुलूख आहे. या घड्याळांची अपेक्षित चूक दिवसाला 10 नॅनोसेकंद, म्हणजे एका सेकंदाचा दहा कोटीवा भाग इतकी होती. ही चूक क्षुल्लक वाटेल, पण एका नॅनोसेकंदात प्रकाश शाळेतील फूटपट्टीएवढे अंतर, म्हणजे 30 सेंटीमीटर जातो. दहा नॅनोसेकंद म्हणजे दहा फूटपट्ट्या, अर्थात तीन मीटर. दिवसभर घड्याळ कोणी जुळवले नाही तर अंतराच्या मापात तेवढा फरक पडतो. म्हणूनच ते वारंवार तपासावे लागते.

आता, चूक ओळखतात कशी? जगभर विखुरलेली स्थानके उपग्रहाचे संदेश ऐकतात आणि आपल्या घड्याळांशी त्यांची तुलना करतात. यात एक गोम आहे. संदेश तीन मीटर उशिरा आला असे वाटले, तर उपग्रहाचे घड्याळ दहा नॅनोसेकंद मागे पडले असेल किंवा उपग्रहच तीन मीटर अधिक दूर असेल. नुसत्या रेडिओवरून या दोहोंत निवाडा करणे कठीण जाते. कक्षेची चूक घड्याळाच्या माथी मारली जाते आणि घड्याळाची कक्षेच्या.

यावर उपाय म्हणून उपग्रहाच्या पृथ्वीकडील बाजूला 76 काचेचे लोलक बसवले होते. कोणत्याही दिशेने आलेला प्रकाश आल्या वाटेने परत पाठवण्याचा गुण या लोलकांत असतो. सायकलच्या मागील लाल परावर्तकातही हीच करामत असते. पृथ्वीवरील स्थानक लेसरचा क्षणिक झोत सोडते, तो उपग्रहावरून परततो, आणि जाण्या-येण्याचा वेळ स्थानकातील घड्याळच मोजते. या मोजणीत उपग्रहाच्या घड्याळाचा संबंधच येत नाही, त्यामुळे काही सेंटीमीटरच्या अचूकतेने मिळालेले ते अंतर निष्पक्ष साक्षीदाराचे काम करते. लेसर म्हणतो उपग्रह जागेवर आहे आणि रेडिओ म्हणतो तीन मीटर दूर आहे, तर दोष घड्याळाचा.

आणखी एक गंमत आपल्याला आवडेल. उत्तम चालणारे घड्याळही त्या उंचीवर नेले की पृथ्वीवरील घड्याळाच्या पुढे जाते. गुरुत्वाकर्षण कमी म्हणून ते जलद होते, वेग अधिक म्हणून थोडे मंद होते, आणि दोहोंची वजाबाकी करता दिवसाला सुमारे 41 मायक्रोसेकंद पुढे राहते. आइन्स्टाइनच्या सिद्धान्तातून येणारा हा फरक हिशेबात धरला नाही, तर एका दिवसात अंतराचे माप बारा किलोमीटरने चुकेल. घड्याळात दोष नसताना ते ‘पुढे’ जाते, असे गिऱ्हाइकाला सांगून पाहावे.

प्रश्न : आमच्या बोटीवरील यंत्रावर अनेक उपग्रह दिसतात. त्यांत हा उपग्रह कधी होता का? बोट कोठे आहे हे उपग्रहाला कळते का?
— एक मच्छीमार, रत्नागिरी

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर नाही असेच आहे. दुसऱ्याचे आधी. दिशादर्शक उपग्रहाला आपल्या बोटीचा पत्ताही नसतो. तो आकाशवाणीसारखा फक्त बोलतो, आणि बोलतो तेही दोनच गोष्टी : माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजले आहेत, आणि मी आत्ता येथे आहे. संदेश पोहोचायला किती वेळ लागला यावरून अंतर काढण्याचे काम आपल्या बोटीवरील यंत्र करते. डोक्यावरील उपग्रहाकडून तो यायला साधारण 77 मिलिसेकंद लागतात. तीन उपग्रहांवरून जागा ठरू शकते. चौथा लागतो तो यंत्रातील स्वस्त घड्याळाची चूक काढण्यासाठी.

जोव्हे-ए हा चाचणीचा उपग्रह असल्यामुळे त्याच्यावर विसंबून कोणी जागा ठरवावी अशी अपेक्षाच नव्हती. दिशादर्शनाचा पूर्ण संदेश त्याने प्रथम 2 मे 2007 रोजी दिला, आणि तोही प्रयोगासाठीच. सर्वसामान्यांसाठी गॅलिलिओची सेवा सुरू झाली ती डिसेंबर 2016 मध्ये. तोवर हा उपग्रह त्या प्रणालीतून केव्हाच बाहेर पडला होता.

तथापि त्याचे बोलणे चोरून समजून घेणारे काही जण निघाले, आणि तो किस्सा येथे सांगण्यासारखा आहे. दिशादर्शक उपग्रह आपला संदेश शून्य आणि एक यांच्या लांब साखळीत गुंफून पाठवतात. ती साखळी ज्याच्या यंत्रात आहे त्यालाच संदेश ओळखू येतो. जोव्हे-ए ची साखळी सुरुवातीला जाहीर केली नव्हती. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात मार्क सियाकी यांच्या गटाला आपल्या ग्राहकयंत्राच्या चाचणीसाठी ती हवी होती आणि ती मिळेना. तेव्हा त्यांनी ती आकाशातूनच उतरवून घ्यायचे ठरवले.

अडचण अशी, की जमिनीवर पोहोचेपर्यंत हा संदेश इतका क्षीण होतो की यंत्राच्या स्वतःच्या खरखरीखाली तो पूर्ण गाडला जातो. पण साखळी काही मिलिसेकंदांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. जत्रेच्या गोंगाटात दूरचे भजन ऐकू येत नसले तरी त्याचे पालुपद तेच ते येत राहते. गोंगाट मात्र प्रत्येक वेळी वेगळा असतो. उपग्रहाच्या वेगामुळे कंप्रतेत पडणारा फरक काढून टाकला आणि अशा शेकडो आवर्तनांची एकावर एक बेरीज केली, की गोंगाट आपसांत विरतो आणि पालुपद वर येते. उड्डाणानंतर काही महिन्यांतच कॉर्नेलच्या गटाने पहिल्या पट्टीवरील साखळ्या उलगडून प्रसिद्ध केल्या. युरोपीय बाजूनेही पुढे चाचणी उपग्रहाचा तपशील खुला केला. यात कोणतेही गुपित फुटले असे आम्हाला वाटत नाही, कारण सर्वांनी ऐकावे म्हणूनच जी सेवा उभारली जात होती तिची भाषा फार काळ झाकून ठेवण्यात अर्थ नव्हता. पुढच्या उपग्रहांच्या साखळ्या तर वेगळ्याच होत्या.

प्रश्न : जोव्हे-ए 2012 मध्ये निवृत्त झाला असे एके ठिकाणी वाचले, आपण 2021 लिहिता. खरे काय?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही खरे आहे. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन खासगीत पुन्हा रुजू होतात, तसे त्याचे झाले. गॅलिलिओच्या नियमित मालिकेतील पहिले दोन उपग्रह 21 ऑक्टोबर 2011 रोजी फ्रेंच गयानातून गेले. त्यांच्यासाठी वाट मोकळी असावी म्हणून जोव्हे-ए ला 2009 मध्येच सुमारे शंभर किलोमीटर वर सरकवले होते. 30 जून 2012 रोजी युरोपीय अवकाश संस्थेने त्याचे काम औपचारिकरीत्या संपवले. त्याचा धाकटा भाऊ जोव्हे-बी एप्रिल 2008 मध्ये गेला होता आणि दिवसाला एका नॅनोसेकंदाइतकीच चूक करणारे हायड्रोजन मेसर जातीचे घड्याळ त्याने दिशादर्शनासाठी प्रथमच अवकाशात नेले होते; तोही 2012 च्याच जुलैमध्ये थांबवण्यात आला.

जोव्हे-ए मात्र बांधणाऱ्या कंपनीकडेच राहिला आणि त्याला एक नवे काम मिळाले. त्याच्यावर प्रयोग म्हणून जीपीएसचे एक ग्राहकयंत्रही बसवलेले होते. जीपीएसचे उपग्रह 20,200 किलोमीटरवर आणि जोव्हे-ए त्यांच्याही तीन हजार किलोमीटर वर. त्या उपग्रहांचे अँटेना खाली पृथ्वीकडे तोंड करून असतात; मग वर बसलेल्याला त्यांचे बोलणे ऐकू कसे यावे?

येथे मघाची शंकूची गोष्ट उपयोगी पडते. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला असलेल्या जीपीएस उपग्रहाचा शंकू पृथ्वीच्या बिंबापेक्षा थोडा मोठा असतो. त्याची कड पृथ्वीला चाटून अलीकडे येते आणि पुढे वर जाते. शिवाय कोणताही अँटेना मुख्य शंकूखेरीज आजूबाजूलाही थोडा संदेश सांडतो. पागोळीखाली बादली ठेवली तरी चार थेंब बाहेर उडतात, तसे. हे सांडलेले थेंब वेचून जोव्हे-ए ने 2013 मध्ये 23,300 किलोमीटर उंचीवर स्वतःची जागा काढून दाखवली. कोणता जीपीएस उपग्रह कोणत्या बाजूला किती सांडतो याची नोंद पुढील काही वर्षे जमत गेली.

याचा उपयोग काय, अशी शंका येईल. दूरसंचाराचे आणि हवामानाचे उपग्रह 36,000 किलोमीटरवर असतात, आणि त्यांना आपली जागा स्वतः काढता आली तर जमिनीवरील यंत्रणेचा बोजा हलका होतो. पुढे तर मार्च 2025 मध्ये नासा आणि इटलीची अवकाश संस्था यांच्या संयुक्त ग्राहकयंत्राने चंद्राच्या पृष्ठभागावर बसून जीपीएस आणि गॅलिलिओ या दोन्हींचे संदेश पकडले व आपली जागा ठरवली. जोव्हे-ए ने जे थेंब वेचले, तेच तेथे सोळा-सतरा पट दूर वेचण्यात आले. स्वतः जोव्हे-ए मात्र त्याआधीच, नोव्हेंबर 2021 मध्ये, कंपनीने बंद केला होता.

प्रश्न : आपल्या ‘नाविक’ उपग्रहांची घड्याळे बिघडली होती, असे वाचले होते. ती याच जातीची होती का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : जात तीच, म्हणजे रुबिडियमची, आणि गावही तेच, नशातेल. ‘नाविक’ या भारताच्या दिशादर्शन प्रणालीतील पहिल्या उपग्रहावर, 1 जुलै 2013 रोजी गेलेल्या आयआरएनएसएस-1ए वर, तीन रुबिडियम घड्याळे होती. 2016 मध्ये ती तिन्ही बंद पडली. गॅलिलिओच्या नियमित उपग्रहांवरही रुबिडियम आणि हायड्रोजन अशी दोन्ही प्रकारची काही घड्याळे बंद पडल्याचे जानेवारी 2017 मध्ये युरोपने जाहीर केले, त्यामुळे दोन्हीकडे एकाच वेळी चौकशी चालू होती.

येथे एक भेद मात्र ध्यानात घ्यावा. युरोपचे उपग्रह पुष्कळ आणि प्रत्येकावर चार घड्याळे, त्यामुळे सेवेत खंड पडला नाही. आपली मालिकाच सात उपग्रहांची, आणि तिन्ही घड्याळे गेलेला उपग्रह आकाशात असूनही जागा सांगण्याच्या कामाचा उरत नाही. वीज आहे, इंधन आहे, प्रक्षेपक ठणठणीत आहे, फक्त किती वाजले ते ठाऊक नाही, अशी त्याची अवस्था होते. बदली म्हणून 31 ऑगस्ट 2017 रोजी पाठवलेला उपग्रह अग्निबाणाचे उष्णताकवच न उघडल्यामुळे आतच अडकून राहिला. त्यानंतरचा 12 एप्रिल 2018 रोजी सुखरूप पोहोचला. भारतीय बनावटीचे रुबिडियम घड्याळ घेऊन पहिला उपग्रह, एनव्हीएस-01, हा 29 मे 2023 रोजी श्रीहरिकोट्याहून गेला, आणि ते घड्याळ अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्रात घडवलेले आहे. हे काम आपल्याकडे आधीच व्हायला हवे होते, असे आमचे मत आहे. ज्याचे घड्याळ उसने, त्याची दिशादर्शन प्रणालीही त्या प्रमाणात उसनीच.

प्रश्न : हा उपग्रह आता खाली पडेल का? दुर्बिणीतून तो दिसेल का?
— खगोल मंडळाचे एक सदस्य, नाशिक

उत्तर : नजीकच्या काळात पडणार नाही. तीन-चारशे किलोमीटरवरचे उपग्रह विरळ हवेच्या घर्षणाने खाली येतात. 23,000 किलोमीटरवर घर्षण करायला हवाच नाही. त्या उंचीवरील निवृत्त उपग्रहाला पुरेसे इंधन असल्यास थोडे वर नेऊन चालत्या उपग्रहांच्या वाटेतून बाजूला ठेवतात. तेथेही तो अगदी स्थिर राहत नाही. सूर्य आणि चंद्र यांच्या ओढीने त्याची वर्तुळाकार कक्षा पिढ्यान्‌पिढ्यांच्या मापाने हळूहळू लंबगोल होऊ शकते, आणि लंबगोलाची एक बाजू शेजाऱ्यांच्या वाटेत येऊ शकते. म्हणून बंद करताना उरलेले इंधन सोडून देणे आणि विजेऱ्या निकामी करणे या गोष्टींना महत्त्व असते, म्हणजे पुढे कधी स्फोट होऊन तुकडे विखुरणार नाहीत.

नुसत्या डोळ्यांनी किंवा गच्चीवरील लहान दुर्बिणीतून तो दिसण्याची आशा धरू नये. मोठी दुर्बीण, कॅमेरा आणि उपग्रहांच्या कक्षांची ताजी आकडेवारी असेल तर मागोवा घेता येतो. अशा छायाचित्रात स्थिर ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर फिकट ठिपका हळू सरकताना मिळतो. पृथ्वीकडे तोंड ठेवण्याचा ताबा सुटल्यावर उपग्रह कलंडू लागतो, आणि त्याचे सपाट सौर पंखे अधूनमधून सूर्याला सामोरे आले की ठिपका क्षणभर उजळतो. त्या उजळण्याच्या अंतरावरून तो किती वेळात एक गिरकी घेतो हेही काढता येते. त्याच्या पोटाखालच्या 76 लोलकांना वीज लागत नाही. गिरकी घेताना ते ज्या क्षणी पृथ्वीकडे वळतील, त्या क्षणी एखाद्या स्थानकाने सोडलेला लेसरचा झोत ते अजूनही आल्या वाटेने परत पाठवतील.